सुनेचा अल्सर

खळबाईंचा स्वभाव मुळातच संशयी. ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. बोटांना कायम खळ चिकटलेली, म्हणून तिथल्याच कुणीतरी त्यांना हे नाव ठेवलं आणि ते त्यांना चिकटलं ते चिकटलंच. पुस्तक परत करताना कुणी म्हणालं, "पान आधीच फाटलेलं होतं," की त्या चष्म्यावरून अशा काही बघायच्या, की तो माणूस पुढच्या वेळी पुस्तक तळहातावर धरून आणायचा.

घरात माणसं तीन. त्या, मुलगा आणि सून. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे निम्मा महिना बाहेरगावी. सून चष्म्याच्या दुकानात कामाला. लग्नाला वर्ष होत आलं होतं. पोरगी गोड बोलायची, कामाला वाघ होती, पण जेवायला बसलं की तिचं काहीतरी निघायचंच.

"आई, मला अल्सर आहे ना. नाही सोसत." असं म्हणून ती ताटातली भाजी या कडेची त्या कडेला लावायची आणि उठायची.

अल्सर म्हटलं की खळबाईंना थोरला भाऊ आठवायचा. त्यालाही होता. पोटाशी हात धरून बसायचा बिचारा. नळी घालून पोट तपासलं, तेव्हा जंतू सापडले, औषधांचा कोर्स दिला आणि माणूस बरा झाला. इथे मात्र ना गोळी, ना डॉक्टर. वर सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी काळी कॉफी. अल्सर असलेल्या बाईला हे बरं सोसतं!

आधी त्यांना वाटलं, आपल्या हातचं हिला गोड लागत नाही. म्हणून त्यांनी तिखट बंद केलं, सगळं उकडून ठेवू लागल्या. तरी ताट तसंच. मग वाटलं, दिवस गेले असतील आणि लपवत असेल. तेही काही खरं दिसेना. शेजारीण तर आगीत तेल ओतायला टपलेलीच.

"अहो, लक्षण ओळखा," ती म्हणाली. "आधी ताट वेगळं होतं, मग चूल."

खळबाईंनी मुलाला फोनवर विचारलं, "तुझ्या बायकोला खरंच अल्सर आहे का रे?"

"लग्नाआधीपासून आहे. तिच्या आईनंच सांगितलं होतं. तू उगाच राईचा पर्वत करू नकोस."

मुलगा बायकोची बाजू घेतोय म्हटल्यावर संशय कमी होईल कसा?

एका रविवारी सून दुकानात गेली होती. सोफ्यावर तिचं पुस्तक राहिलं होतं. वर रंगीत वेष्टन, त्यावर मोठ्या अक्षरात पोटातल्या अल्सरवरचे उपचार. ती ते रोज वाचायची. पथ्य तरी काय लिहिलंय बघू, म्हणून खळबाईंनी ते उचललं आणि हाताला ते लगेच खटकलं. वेष्टनाचा कणा दोन बोटं रुंद आणि पुस्तक तर बोटभरही जाड नाही. कण्यावरचं नाव कडेवरून मागच्या बाजूला घसरलं होतं. वेष्टनांची चुकून अदलाबदल होते, ते त्यांना नवीन नव्हतं. पण इथे जादा कागद नीट दुमडून आत घेतला होता. हे कुणीतरी मुद्दाम केलं होतं.

त्यांनी वेष्टन काढलं. आतलं पुस्तक खाण्याच्या विकारांवरचं होतं आणि त्याच्या जोडीने स्वतःला इजा करून घेणाऱ्या माणसांवरचं.

खळबाई तिथेच खाली बसून वाचत राहिल्या. हा हट्ट नव्हे, नखरा नव्हे, आजार आहे, असं त्यात लिहिलं होतं. असली माणसं खुणा झाकायला अंगभर कपडे घालतात, असंही होतं. सून भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. खळबाई त्याला आजवर फॅशन समजून नाक मुरडत आल्या होत्या.

एवढं वाचून कुणाचंही काळीज हललं असतं. पण खळबाईंना आधी आला तो राग. म्हणजे आपल्याला फसवलं! त्यांनी तडक विहिणीला फोन लावला.

"विहीणबाई, तुमच्या मुलीला अल्सर कधी झाला?"

"अहो, शाळेत असल्यापासून आहे. का बरं?"

"कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं? नळी घालून बघितलं होतं का?"

"ही उलटतपासणी चालवली आहे का तुम्ही?"

"हो."

मग विहीण आवाज खाली आणून म्हणाली, "लोक विचारायचे हो, पोरगी एवढी का वाळली. काहीतरी सांगायला हवंच होतं. पोटाचं दुखणं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. मनाचं म्हटलं असतं, तर तिचं लग्न झालं असतं का? मीच तिला म्हटलं, अल्सर म्हणत जा. तुम्हीही तेच म्हणा आता. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकलीत तुम्ही," खळबाई म्हणाल्या, "पण आत जीव तिचा गुदमरतोय."

फोन ठेवला तेव्हा राग होताच, पण सुनेवरचा उरला नव्हता. पुस्तकावर वेष्टन पुन्हा चढवून साळसूदपणे बसायचं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी ते तसंच उघडं टेबलावर ठेवलं.

संध्याकाळी सून आली. टेबलाकडे नजर गेली आणि ती दारातच थबकली.

"तुम्ही माझ्या वस्तू चाळता?"

"चाळल्या."

"कधीपासून पाळत ठेवताय माझ्यावर?"

"लग्न झाल्यापासून."

इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. पर्स हातातच धरून ती म्हणाली, "मग आता ह्यांना सांगणार. मला माहेरी पाठवणार."

"माहेरी कशाला? तिथेच तर तुला अल्सर झाला."

सून हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नसेल. ती खुर्चीत बसली. खळबाई समोर बसल्या. पुढचा प्रश्न विचारणं सोपं नव्हतं, पण तो स्पष्ट विचारा, असंच पुस्तकात होतं.

"जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का गं?"

"मरायचं नाहीये मला, आई." ती मान खाली घालून म्हणाली. "यातून सुटायचंय, म्हणून तर पुस्तक आणलं. पण दुकानात, बसमध्ये ते नाव घेऊन कशी बसू?"

"एकटीनं वाचून होत नाही म्हणे हे. डॉक्टर गाठा असं लिहिलंय."

"तुम्ही सगळं वाचलंत?"

"अर्धं. उरलेलं तू दिलंस तर वाचीन. नवऱ्याला तू सांग. मी नाही सांगणार."

तिने त्याच आठवड्यात सांगितलं. तो काम अर्धवट टाकून आला. आपल्यापासून लपवलं, हे त्याला फार लागलं होतं. पण मनोविकारांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा तोच तिच्याबरोबर गेला. तपासणीत पोट ठणठणीत निघालं. विहिणीने मात्र पुढे कित्येक महिने फोन केला नाही.

सून पटकन बरी झाली, असं काही घडलं नाही. एक आठवडा बरा जायचा, दुसरा पाण्यात. एकदा ती जेवताना कडाडली, "आई, माझ्या ताटात बघू नका! घास उतरत नाही माझा." जन्मभर नजर ठेवत आलेल्या बाईला नजर आवरणं म्हणजे शिक्षाच. त्या भिंतीकडे बघून जेवू लागल्या. सुरुवातीला सुनेला तोही डावच वाटला. "भिंतीत काय आहे?" ती संशयाने विचारायची.

"काही नाही गं. रंग उडालाय," त्या सांगायच्या.

उन्हाळा संपत आला होता. एका दुपारी खळबाई ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एका कोशाला पुठ्ठा लावत होत्या. सून दारात उभी राहिली. दुकानातून मधूनच निघून आली होती, चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, आज मला माझीच भीती वाटतेय."

खळबाईंनी का म्हणून विचारलं नाही. पुठ्ठा तसाच ओला टाकला, हात पदराला पुसले आणि तिचा दंड धरून त्या तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.