पडद्यावरचा बगळा

"काकू, हा डाग एका दिवसाचा नाही," टीव्ही दुरुस्त करणारा म्हणाला. "या ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो. एकच चित्र शेकडो तास एका जागी राहिलं की ते ठिपके दमतात आणि चित्राची सावली कायमची उमटते. त्यात तुम्ही आपोआप मंद होण्याची सोय बंद करून टाकलीत."

ती सोय थोरलीनेच बंद केली होती. ती आणि तिची धाकटी जाऊ कापडावरच्या छपाईसाठी नक्षी काढायच्या. रंग पारखायला बसावं आणि पडद्यानेच डुलकी घ्यावी, म्हणजे विटेचा रंग मातीचा दिसायचा. टीव्हीचाच मॉनिटर केलेला. सकाळी धाकटी बसायची, दुपारी थोरली.

तो गेल्यावर तिने पडदाभर करडा रंग लावून पुन्हा पाहिलं. डावीकडे अवजारांची पट्टी उमटली होती. ती रोजचीच, दोघींची. पण खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट होती आणि चौकटीत एका पायावर उभा बगळा. पलीकडच्या मोठ्या छपाईघराच्या नक्षीच्या प्रत्येक कागदावर, याच कोपऱ्यात, तो असतो.

दोन वर्षांपूर्वी त्या छपाईघराने थोरलीला कामाला बोलावलं होतं. एकटीलाच. धाकटीने दोन दिवस डोळ्याला पदर लावला, "तुम्ही गेलात तर माझं काय, ताई?" थोरलीने नकार कळवला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर उपकार मोजल्यासारखं झालं असतं.

धाकटी ओले हात पुसत आत आली. "काय म्हणाला? बरा होईल का?"

"नाही. ये, बघ."

धाकटीने जरा वेळ बघितलं. "कसलासा पक्षी दिसतोय."

"बगळा आहे. तुझ्या ओळखीतला."

"दोन-चारच नक्ष्या दिल्या हो त्यांना. सहज."

"टीव्ही तर शेकडो तास म्हणतोय."

"आता तुम्ही टीव्हीचं ऐकणार का?"

"तुझं ऐकून बघितलं की. कधीपासून देतेस?"

धाकटी पदराची कड चुरगाळत राहिली. "तुम्ही नाही म्हणालात, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून. जागा रिकामीच होती ना."

"मागितली असतीस तर मी हसत सोडली असती. रडायचं काय कारण होतं?"

"मागून मिळाली असती का? तुमच्या शेजारी माझा हात कच्चाच दिसतो. तुम्ही असताना मला कोण विचारतंय."

ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. हिची पहिली वेलबुट्टी थोरलीने हात धरून गिरवून घेतली होती. परक्याने गळा कापला तर निदान ओरडता येतं. हिने केसाने कापला होता, तोही रोज सकाळी, शेजारच्या खोलीत थोरली भाजी निवडत असताना.

"नवीन पडदा आणू आपण," धाकटी हळूच म्हणाली. "मी आणते."

"पडदा राहू दे. तुझी खुर्ची तेवढी इथून ने."

धाकटीने खुर्ची उचलली, ती दारात अडकली. एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली. थोरली तोंड फिरवून बसली होती. मग सवयीने उठली, खुर्चीचा पाय तिरका करून ती धाकटीला बाहेर काढून दिली, आणि दार लावून घेतलं.