नकाशावरचा निनावी ठिपका

दवाखान्यात तिला सगळे वायरताई म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथून ते कधी खाली उतरलंच नाही. बाळंतिणींचं आणि तान्ह्या मुलांचं ते मोठं इस्पितळ, आणि तिथलं सगळं नेटवर्क हिच्या अंगावर. प्रयोगशाळेतले रिपोर्ट वर पोचेनात, औषधांच्या खिडकीवरचा कॉम्प्युटर गप्प बसला, प्रिंटर रुसला, की हिचा फोन खणाणायचा आणि ही जिन्यावरून धूम ठोकायची. नेमका बिघाड कुठे हे कळायला मजल्यामजल्यावरची कपाटं उघडायची आणि आतल्या स्विचचे, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात त्या डब्यांचे, दिवे लुकलुकतात का ते डोळ्यांनी बघायचं, दुसरा मार्ग नव्हता. लिफ्ट पेशंटसाठी राखीव. त्यामुळे तिचे गुडघे तिच्या वयाच्या बरेच पुढे निघून गेले होते.

तिच्या आधी ही नोकरी तिचे सासरे करत. इस्पितळातली पहिली वायर त्यांनीच ओढलेली. ती त्यांच्या हाताखाली शिकायला आली, आणि पुढे त्यांच्याच घरात सून म्हणून आली. "बाबांनी आधी हिची परीक्षा घेतली, मग दादाला दाखवली," असं नणंद अजून चिडवायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

इस्पितळानं नेटवर्क सांभाळायचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, तेव्हा वायरताईनं जेवताना ती बातमी सांगितली. एका जागी बसायचं आणि सगळी यंत्रं पडद्यावर बघायची. चालू ते हिरवं, बंद पडलं की लाल.

बाबांचा घास हातातच राहिला. "पडद्यावर? अगं, जाळं विणणाऱ्याच्या डोक्यात असतं. मला झोपेतून उठवून विचार, कुठली वायर कुठे जाते ते सांगेन."

"तुम्ही झोपेतून उठत नाही, हीच तर अडचण आहे," सासूबाई म्हणाल्या. वायरताईनं हसू पाण्याबरोबर गिळलं.

सॉफ्टवेअर आलं. बसवणारी माणसं ते कॉम्प्युटरवर चढवून गेली आणि जाताना एक पुस्तिका देऊन गेली. आधी पत्त्यांची हद्द सांगा, मग यंत्रांनी उत्तर द्यावं म्हणून परवलीचा शब्द द्या, मग 'शोधा' दाबा. स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या 'चवीपुरतं मीठ'इतकं ते सोपं वाटलं, आणि तितकंच फसवं निघालं. तिनं 'शोधा' दाबलं. बराच वेळ चक्र फिरलं आणि नकाशावर एकुलता एक ठिपका उमटला. तो तिचा स्वतःचाच कॉम्प्युटर होता.

"काखेत कळसा तो हाच," शाईभाऊ म्हणाला. शाईभाऊ म्हणजे प्रिंटर दुरुस्त करणारा तिचा जोडीदार. दोघांची एकच खोली. त्याची बोटं कायम निळी-काळी, आणि जीभही कधी रिकामी नसायची.

परवलीच्या शब्दाच्या शेवटी तिच्या हातून एक मोकळी जागा पडली होती. ती पुसली आणि पुन्हा दाबलं. मग मात्र पडद्यावर एकेक ठिपका उगवायला लागला. आधी तळमजल्यावरचा मोठा स्विच, त्याला फांद्या फुटाव्यात तशा बाकीच्या मजल्यांवरचे, आणि त्यांना लगडलेले कॉम्प्युटर, प्रिंटर, फोन, दारांची कुलपं. इतकी वर्षं जे फक्त पायांनी ओळखलं होतं, ते एकदम समोर उभं राहिलं. वायरताई खुर्चीतून उठली आणि उगीचच पुन्हा बसली.

"अगंबाई, केवढं आहे हे!" ती म्हणाली. "आणि हे सगळं मी सांभाळते?"

"म्हणून तर जेवायला वेळ मिळत नाही," शाईभाऊ म्हणाला.

उत्साहाच्या भरात तिनं एक घोळ घातला. कशाकशाची सूचना फोनवर हवी, असं सॉफ्टवेअरनं विचारलं तेव्हा तिनं सगळ्याच चौकटींवर खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चहा होईपर्यंत फोन थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. अमक्या प्रिंटरमधला कागद संपला. तमका कॉम्प्युटर बंद झाला. तोच कॉम्प्युटर चालू झाला.

"कुणाला काय झालंय?" सासूबाईंनी काळजीनं विचारलं.

"कुणाला काही नाही. कागद संपलाय."

बाबा वर्तमानपत्राआड खूश झाले. "बघ, मी म्हटलं नव्हतं? पळणं परवडलं, पण हे बोंबलणं नको."

पण ती हटली नाही. तिला वाटलं, ह्याचा तरी काय दोष? नव्यानं घरात आलेल्या माणसालासुद्धा कुठल्या आवाजाला उठायचं हे शिकवावं लागतं. भांडं पडलं तर पडू दे, पण पोर रडलं तर उठ. दोन दिवस ती तेच शिकवत बसली. प्रिंटरचा कागद शाईभाऊकडे, तोही कामाच्या वेळेतच. प्रयोगशाळा, शस्त्रक्रियेची खोली आणि बाळांचा कक्ष यांची ओरड थेट आपल्याकडे. एखादं यंत्र क्षणभर अडखळलं तर गप्प राहायचं, अडखळतच राहिलं तर सांगायचं.

आणि एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरचा एक ठिपका पिवळा झाला, म्हणजे चालू, पण अडखळत. ती सरळ त्याच कपाटापाशी गेली. पंख्यात धूळ अडकून स्विच तापला होता. तिनं तो साफ केला आणि कपाट लावत होती, तोच समोरच्या टेबलावरची नर्स म्हणाली, "ताई, तुम्ही इथे कशा? आम्ही तर फोनही नाही केला!"

"म्हणूनच आले," वायरताई म्हणाली, आणि उतरताना जिन्यात एकटीच हसली.

राखाडी ठिपका तिच्या नजरेस आला तो त्यानंतर. नकाशाच्या कोपऱ्यात, नाव नाही, गाव नाही, नुसता आकडी पत्ता. पण हाक मारली की ओ देत होता.

"कुणीतरी चोरून काहीतरी जोडलंय," शाईभाऊ म्हणाला. "तोडून टाका."

"आणि कुणाच्या औषधाचा पंप निघाला तर? आधी कोण आहे ते बघू."

ठिपका कुठल्या स्विचच्या कुठल्या खाचेत जोडलाय हे सॉफ्टवेअरच सांगत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात ती वायर सापडली. रंग उडालेली, वर जाऊन छतात गडप झालेली. खोलीत परतून तिनं तो आकडी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, तर परवलीचा शब्द मागणारी जुनाट खिडकी उघडली. तिच्या मनात काहीतरी आलं आणि तिनं घरी फोन लावला.

"बाबा, तुम्ही पूर्वी यंत्रांना कुठला परवलीचा शब्द द्यायचात?"

पलीकडे बाबांचा आवाज एकदम दबका झाला. "कशाला हवाय?"

"सांगा तरी."

"अगं, ही इथेच बसलीये." आणि मग कुजबुजून, "राणीसरकार. सगळं जोडून."

सासूबाईंना ते ऐकू गेलं असावं, कारण फोनमध्ये मागून "इश्श! इस्पितळभर?" असं आलं. वायरताईनं शब्द टाकला आणि खिडकी उघडली. आत नुसता पांढरा चौकोन, दुधासारखा.

"बाबा, हा कॅमेरा दिसतोय. तुमचाच. पण चित्र पांढरंफटक आहे."

"माझा? मी असला कॅमेरा बसवलेला नाही," बाबा ठामपणे म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "थांब, मी येतो."

बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच त्या खोलीत येत होते. नकाशाकडे बघायचं नाही असं ठरवून आले असावेत, पण नजर तिकडे गेली आणि तिथेच खिळली. "हा माझा तळमजल्याचा स्विच," ते बोट ठेवून म्हणाले. "आणि हा... अजून चालतोय होय!" मग सूनबाईला ऐकू जाईल न जाईल अशा बेतानं पुटपुटले, "बरं केलंय काम. बरं केलंय."

आता कॅमेरा शोधायचा कसा? युक्ती वायरताईला सुचली. चित्र पांढरं असलं तरी उजेडानं बदलणारच. बाबा पडद्यासमोर बसले, शाईभाऊ दुसऱ्या मजल्यावर खोल्याखोल्यांत जाऊन परवानगी मागून दिवे मालवू लागला, आणि ही फोन कानाला लावून मधल्या जिन्यात उभी.

"आता?"

"पांढरंच."

"आता?"

"पांढरंच. त्याला सांग, डॉक्टरांच्या खोलीतला लाव परत, ओरडत असतील."

खोल्या संपल्या. शाईभाऊ घाम पुसत जिन्यात बसला. वायरताईही फोन बंद करणार, इतक्यात बाबा ओरडले, "झालं! काळवंडलं!"

"पण आम्ही काहीच मालवलं नाही!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुपारची वेळ. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात नर्स रोज ह्याच सुमाराला दिवे मंद करतात, बाळांना गाढ झोप मिळावी म्हणून. तिथे आत जायची शाईभाऊला परवानगी नव्हती, म्हणून तेवढीच खोली सुटली होती.

हात धुऊन, झगा चढवून वायरताई मेट्रनबाईंबरोबर आत गेली. काचेच्या पेट्यांमध्ये मुठीएवढी बाळं झोपली होती. छताच्या कोपऱ्यात एक पांढरा गोळा होता. सगळे त्याला धूर ओळखणारं यंत्र समजत. कधीतरी खोली रंगवताना रंगाऱ्यानं त्याच्या डोळ्यावरूनही ब्रश फिरवला होता.

दोघींनी खोलीत येऊन हे सांगितलं आणि बाबांनी कपाळावर हात मारला. आता त्यांना सगळं आठवलं. हा कक्ष नवा झाला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आयांना बाळ दिसावं म्हणून त्यांनीच तो कॅमेरा बसवला होता. पुढे वरचा मजला दुरुस्तीला काढला, तिथला पडदा निघाला, आणि गोष्ट सगळ्यांच्याच डोक्यातून गेली. "मीच लावला आणि मीच शपथेवर नाही म्हणालो," म्हणत ते इतके हसले की शाईभाऊनं त्यांना पाणी आणून दिलं.

मेट्रनबाई मात्र हसत नव्हत्या. विचारात पडल्या होत्या. "वायरताई, हा पुन्हा दिसता होईल?"

"का हो?"

"वर एक बाळंतीण आहे. ऑपरेशन अवघड झालं, अजून उठायची परवानगी नाही. तिनं आपली लेक अजून पाहिलेली नाही. नवरा येऊन तोंडानं वर्णन करतो, पण त्याला काही धड सांगता येत नाही बिचाऱ्याला. 'छान आहे' एवढंच म्हणतो."

मोठ्या डॉक्टरांनी होकार दिला, आईवडिलांनीही दिला. कॅमेरा फक्त त्याच एका पेटीकडे वळवायचा, आणि चित्र फक्त त्याच आईच्या हातातल्या टॅबवर, असं ठरलं. वायरताईनं परवलीचा शब्द बदलला. बाबांनी त्यावर काही हरकत घेतली नाही. कॅमेरा खाली काढून त्याच्यावरचा रंग शाईभाऊनं तासभर जीव ओतून खरवडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची बोटं पांढरी झाली.

संध्याकाळी वायरताई टॅब घेऊन वर गेली. बाळंतीण उशीला टेकून पडली होती, शेजारी तिची आई. नवरा पायथ्याशी संकोचून उभा.

"हे बघा," वायरताईनं टॅब तिच्या हातात दिला.

पडद्यावर काचेची पेटी होती, आणि पेटीत टोपी घातलेली इवलीशी पोर. बाळंतिणीनं टॅब डोळ्यांजवळ ओढला. बाळानं हात वर केला, बोटं पसरली, आणि मग सबंध चेहरा तोंडात मावेल एवढी मोठी जांभई दिली.

"अगं आई गं!" ती एकदम म्हणाली. "आई, हिचं नाक बघ! हे नाक कुठून आलं?"

"तुझ्या सासूकडून," आई चष्मा पुसत म्हणाली. "पण शोभतंय हो पोरीला."

"मी म्हटलं होतं ना, छान आहे," नवरा म्हणाला.

"छान काय? नाकाचं का नाही सांगितलंत?" ती हसता हसता रडायला लागली, टाके दुखले म्हणून "हसवू नका" म्हणाली आणि आणखीच हसली. शेजारच्या खाटांवरच्या बायका माना उंचावून विचारू लागल्या, "काय करतेय? उठली का?" वायरताई दाराशी उभी होती. तिच्या मागे, कधी वर चढून आले होते कोण जाणे, धापा टाकत बाबा उभे होते.

पुढल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्या बाळंतिणीला खाली जायची परवानगी दिली. चाकांच्या खुर्चीतून ती बाळांच्या कक्षाकडे निघाली, तेव्हा टॅब परत न्यायला वायरताईला बोलावणं आलं. वायरताईनं तो घेतला आणि वळली, तर खिडकीजवळच्या खाटेवरून एक नवी बाई कोपरावर उठली होती.

"ताई," ती जरा भीतभीतच म्हणाली, "माझा मुलगा काल संध्याकाळी झाला. त्यालाही खालीच ठेवलाय. तो दिसेल का हो ह्यात?"

"कुठल्या पेटीत आहे?" वायरताईनं विचारलं, आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.