वाकलेला बार

उद्या उंच उडीची निवड चाचणी, आणि सरांनी आज पहिल्यांदाच बारची उंची मधोमध मोजली. वर्षभर ते खांबाशीच टेप लावत आले होते. तिथे दीडशे सेंटिमीटर भरत होते. मधे, जिथे जुना बार वाकला होता, तिथे एकशे शेहेचाळीस. उद्या बार नवा, ताठ असणार आणि पात्रतेला पुरते दीडशे लागणार.

उद्याच्या चाचणीत उतरणारी, लांब पायांची टिटवी समोरच उभी होती. महिनाभर ते तिच्यावर खेकसत होते, की मधून उडी मार, खांबाला काय चिकटतेस? आता हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

टिटवीनं टेपकडे पाहिलं. “बार मधे वाकलाय, सर. म्हणून तर मी कडेनं, पुरत्या दीडशेवरून उडी मारत होते. तुम्ही बोलूच दिलं नाहीत.”