दोघांनी पाहिलं तरच

"आला बघ, नेनिता. झाडावरूनच गेला," म्हणत तेर्यो झटक्यात उठला, आणि गुडघ्यांनी लगेच त्याला त्याचं वय सांगितलं.

फिलिपिन्समधल्या मिंदानाव बेटावरच्या त्या डोंगरावर तो आणि त्याची भाची गरुडाच्या घरट्यावर पहारा करत. वादळानंतर मात्र गरुडांची जोडी घरट्याकडे फिरकलीच नव्हती. आज संध्याकाळपर्यंत गरुड दिसला नाही तर पलीकडच्या डोंगरावर चौकी हलवायची, असं खालच्या कचेरीनं ठरवलं होतं. ती चढण तेर्योच्या पायांना झेपणारी नव्हती. म्हणजे घरी बसणं आलं, आणि ते त्याला नको होतं.

"पाहिलंस ना?" त्यानं विचारलं. दोघांनी पाहिलं तरच वायरलेसवर कळवायचं, अशी पहाऱ्याची रीत होती.

"पाहिलं, मामा. गरुडच."

तेर्यो थबकला. ही पोरगी सुक्या मासळीच्या वासावरूनही वाद घालणारी. इतक्या पटकन हो म्हणते म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

"पंख कसे मारत होता?"

"गरुडासारखे."

"गरुड दोन-चार झटके मारतो अन् मग नुसता तरंगतो. हा तरंगला?"

नेनिता चुलीतली लाकडं उगाच पुढेमागे करत राहिली. "जाऊ द्या ना मामा. इथं कोण बघायला येतंय?"

"मी आहे की."

"तुम्हाला दिसतंय कुठं?" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

तेर्यो हसला. "आता कशी माझी भाची बोलली. सांग."

"पंख थांबतच नव्हते," ती खाली बघत म्हणाली. "सोनेरी डोक्याचं वटवाघूळ होतं. उंबराकडे गेलं."

तेर्योला वाईट वाटलं, फार वाटलं. पंख जवळपास गरुडाएवढेच, आणि वेळही अशी दिवेलागणीची. कुणीही फसलं असतं. त्यानं वायरलेस उचलला.

"गरुड नाही. वटवाघूळ होतं."

"नक्की, काका?" पलीकडून आवाज आला. "मग उद्या चौकी हलवावी लागेल."

"हलवा. नेनिताच्या जोडीला कुणीतरी तरणा माणूस द्या. अन् तिचं ऐकत जा म्हणावं त्याला, नजर चांगली आहे तिची."

नेनितानं भात वाढला. तेर्यो रोजच्यासारखा घरट्याच्या झाडाकडे तोंड करून जेवायला बसला.