थेंबाथेंबाने मीठ

ओइवाला स्वतःची मुलगी तुइया ओळखू येईना, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. ऐंशी ओलांडलेला हा माणूस तळ्याकाठी एकटा राहायचा, लाकडं स्वतः फोडायचा आणि कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. आता तो आरोग्यकेंद्रातल्या खाटेवरून तिलाच विचारत होता, "बाई, माझी होडी कुणी सोडली?"

म्हातारपणाने डोकं गेलं, दुसरं काय! बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं आणि तळ्याकाठचं घर बंद करायचं, या विचारानेच तिला रडू फुटलं.

रक्ताचा रिपोर्ट आला, तशी हेन्रीका नर्स शेजारी येऊन बसली. "आजोबा हल्ली खातात काय?"

"अगदी अळणी. ब्लडप्रेशर वाढलं म्हणून खारवलेले मासे मीच बंद केले. मिठाची बरणीसुद्धा उचलून नेली."

"आणि सॉनाच्या वाफेत घाम काढणं?"

"रोज! एवढ्या उकाड्यातसुद्धा. ते कसले सोडतायत! म्हणून मी बजावलं होतं, पाणी भरपूर प्या."

"झालं तर मग. घामातून मीठ गेलं आणि वरून नुसतं पाणी ओतलं. सॉनातून आल्यावर खारा मासा खायची आपल्या लोकांची खोड काही उगीच नाही गं! रक्तातलं मीठ फार उतरलंय. डॉक्टर म्हणतात, डोकं गेलेलं नसावं. पण खरं काय ते मीठ चढल्यावरच कळेल."

लाकडं फोडून राठ झालेल्या त्या हातात हेन्रीकाने अलगद सुई बसवली आणि सलाईन सुरू केलं. एक थेंब पडायचा, मग कितीतरी वेळाने दुसरा.

"जरा भरभर सोड ना," तुइया कळवळून म्हणाली.

"मुळीच नाही. एकदम चढवलं तर मेंदूला इजा होते. त्याला त्याच्या चालीने जाऊ दे."

तुइया बघत राहिली. पाणी आणि मीठ, बस्स! एवढ्यावर माणूस परत येतो? पण हेन्रीका पुनःपुन्हा रक्त तपासत होती आणि त्याप्रमाणे थेंबांचा वेग ठरवत होती. कुठे घाई नाही, की कंटाळा नाही. ओइवाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, म्हणून पुढच्या पिशवीत साखरही आली. त्या नितळ पाण्याचं आणि हेन्रीकाच्या सबुरीचं तुइयाला मनापासून कौतुक वाटलं. हात जोडावेत असंच ते काम होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाटेवरून करवादलेला आवाज आला, "तुइया, ती खिडकी लाव की. डास फोडून खातायत."

तिने खिडकी लावली आणि तिथेच चौकट धरून उभी राहिली. मग खाटेशी येऊन तिने सगळं सांगून टाकलं. "माझंच चुकलं, बाबा. पण जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाहीत, आणि नेमकं हेच कसं ऐकलंत? सॉनातून निघून एक मासा चोरून खाल्ला असतात तरी चाललं असतं!"

ओइवाने नजर छताकडे वळवली.

"तुझी आई गेल्यापासून तू दर रविवारी येतेस," तो म्हणाला. "ऐकलं नाही, तर यायची नाहीस असं वाटलं."