आधीची गिटार

ज्याच्या त्याच्या गाण्यात गिटार वाजवायची आणि निमूट घरी यायचं, हा बाबांचा धंदा. कधी कुणाचं वाजवणं जमलं नाही, की स्टुडिओवाले ते गुपचूप पुसत आणि त्या जागी बाबांकडून वाजवून घेत. कुणाचं पुसलं हे विचारायचं नाही, असा शिरस्ता. बाबांनी तो इमानेइतबारे पाळला. ज्याचं पाप त्याच्यापाशी!

परवाही तसंच झालं. रेकॉर्डिस्टने आधीची गिटार थोडी ऐकवली.

"बोटं आहेत की फावडी?" बाबा म्हणाले. रेकॉर्डिस्ट खो खो हसला. मग बाबांनी एका दमात सगळं वाजवलं आणि सवयीने शेवटचा सूर जरा ओढून सोडला.

रविवारी लेक नाचतच घरात आली. तिची गिटार पहिल्यांदा एका गाण्यात वाजली होती. बापाच्या वशिल्याने मिळालं असं कुणी म्हणू नये, म्हणून पठ्ठीने घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. गिटार हातात दिली बाबांनीच; पण पुढे कामं वाढली आणि तिचं वाजवणं ऐकायला त्यांना सवड उरली नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"आई, तूही ये. बाबा, डोळे मिटा."

गाणं सुरू झालं आणि बाबांनी खाडकन डोळे उघडले.

"बापावर गेलीये हो!" आई कौतुकाने म्हणाली.

लेकीचा चेहरा मात्र उतरत चालला होता. "मी... असं नव्हतं वाजवलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाबांना झालं. पण धरणीला अशा वेळी कधी सवड नसते. शेवटचा सूर ओढला गेला. लहानपणापासून घरात ऐकलेला तो सूर. लेकीने वळून बापाच्या बोटांकडे पाहिलं.

"तुम्ही?"

लाजेने त्यांना मान वर करवेना. खोटं बोलावं, तर तिचे कान त्यांनीच तयार केलेले. शेवटी बुडत्याला काडीचा आधार, तसं ते घाईने म्हणाले, "ती तू होतीस हे मला ठाऊक नव्हतं गं, शपथ!"

"म्हणजे माझं न ऐकताच पुसलंत?"

"छे, ऐकवलं ना त्यांनी."

आईने हळूच गाणं बंद केलं.

"ऐकलंत," लेक म्हणाली, "आणि तरी मला ओळखलं नाहीत?"