कसरीने खाल्लेली ओळ

मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. कल्याणात गोपीनाथ मास्तरांच्या घरी असतो. पण मित्रांनो, माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. पोटात हजारो शब्द घेऊन कुणी गप्प बसून दाखवावं!

लंडनच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाने मला कल्याणला आणलं. तो रोज मला उघडायचा, रुमालाने पुसायचा. सत्तेचाळीस साली तो मायदेशी गेला आणि मी रद्दीच्या दुकानात आलो. तिथून मास्तरांनी मला उचललं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला मास्तर मला दाखवायचे. मग ते ओसरलं. त्यांच्या पत्नी विमलाबाई यांनी मला लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलं! दोन पावसाळे मी तिथेच काढले. पानांत कसर शिरली. आत काहीतरी कुरतडतंय हे कळत होतं, पण ओरडणार कसा?

एक्कावन्न साली, होळीच्या आधी, तुळसा धावत आली. ही खाडीकाठच्या गावातली, आमच्याकडे मीठ विकायला यायची. नवरा नाथा कौलं वाहणाऱ्या बोटीवर खलाशी होता. तुळसाच्या हातात इंग्रजी तार होती आणि मागे सासू, बायजा. तार आली की आधी रडायचं आणि मग ती वाचायला न्यायची, अशी त्यांच्या गावात रीतच होती. बायजाने ती पुरेपूर पाळली होती.

"मास्तर, काय लिवलंय ह्या?"

नाथाची बोट देवगडला आहे, एवढं मास्तरांना कळलं. उरलेला एक शब्द त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कॅरीन. घाईघाईने त्यांनी मला बरणीवरून ओढलं. माझ्या अंगाला तेलाचा वास येत होता, लाज वाटली.

पान सापडलं. "जहाज एका कुशीवर आडवं..." मास्तर थांबले. पुढची ओळच नव्हती. कसरीने खाल्ली होती.

"बोट आडवी झाली म्हणे," मास्तर हळूच म्हणाले. "बुडाली असावी गं."

बायजाने हंबरडा फोडला आणि सुनेच्या बांगड्यांना हात घातला.

मी नुसता तळमळत होतो. अहो, खाली बघा ना! शब्दाचं मूळ तिथे बारीक अक्षरात दिलेलं असतं. पण ते वाचायला कुणाला सवड असते?

"थांब आये!" तुळसाने हात सोडवून घेतला. अक्षर येत नसलं तरी तिचे डोळे पानावर होते. "मास्तर, खाली आजून बारीक लिवलंय. त्या पन बोला."

मास्तरांनी चष्मा पुसला. लॅटिनमध्ये कॅरिना म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा. अक्रोडाच्या कवचालाही तेच म्हणत. पुढे हा शब्द खलाशांच्या तोंडून इटलीत, फ्रान्सात आणि मग इंग्लंडात गेला.

"तल?" तुळसा उठून उभी राहिली. "आवो मास्तर, बुराली त तलाचा नाव कशाला घेतील? ओहोटीला बोट रेतीवं आरवी करतान. तल घासतान, तेल लावतान. मंग परत पान्यान!"

मास्तरांना खात्री वाटेना. मला होती. माझी खाल्लेली ओळ तीच होती, अगदी तीच! आठ दिवस मी तडफडत काढले. तुळसा मीठ घेऊन यायची, माप भरायची, आणि बांगड्या हातात तशाच होत्या. बायजा तिच्याशी बोलत नव्हती.

नवव्या दिवशी तुळसाबरोबर नाथाच दारात उभा राहिला. बोटीचा तळ गळत होता, म्हणून ती वाळूवर आडवी करून दुरुस्त केली, त्यात उशीर झाला. घरी काळजी नको म्हणून त्याने एका कारकुनाला तार करायला सांगितलं, आणि त्या शहाण्याने आपलं इंग्रजी दाखवलं!

मास्तरांनी त्या भोकावर कागद चिकटवला आणि तुळसाने सांगितलं तसं मराठीत लिहिलं. विमलाबाईंनी मला ऊन दाखवलं, पानांत कडुनिंबाचा पाला घातला. बरणीवर आता वरवंटा असतो.

तरी मी अस्वस्थच आहे. मित्रांनो, पुस्तक उघडत जा, झटकत जा, आणि वाचाल तेव्हा खालचं बारीक अक्षरही वाचा. माझ्यात आणखी किती ओळी गेल्या आहेत, ते मलाही ठाऊक नाही. आणि दर वेळी दारात तुळसा असेलच असं नाही.